शब्बाथ शाळेतला रशिया

रशिया हा देश मला लहानपणी रूस म्हणून माहीत होता. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून असायच्या, त्यामुळं मराठी ख्रिस्ती घरातली मी भूगोल उर्दूत शिकले. मास्तर भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवून दाखवायचे, ये रूस, ये अमरीका, आणि मग छडी खाली आणून, ये हमारी रियासत. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा शाळा काही काळ बंद राहिली. उघडली तेव्हा मास्तर तेच होते, पण नकाशा काढलेला होता. पुढं हळूहळू पुस्तकं मराठी झाली. रूसचा रशिया झाला, अमरीकेची अमेरिका झाली. रियासतीचं काय झालं हे आम्ही कुणी विचारलं नाही. मास्तरांच्या तोंडाकडं बघून विचारावंसं वाटलंच नाही.

पुढं ह्याच दोन देशांबद्दल मुलांना शिकवायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा माझी तयारी साधारण एवढीच होती.

मी तेव्हा शहागंजाजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि रविवारी छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये शब्बाथ शाळा घेत होते. मोठ्यांची उपासना सुरू होण्याआधी मुलांचा तास, त्याला आम्ही शब्बाथ शाळा म्हणतो. दोन गाणी, पवित्र शास्त्रातली एक गोष्ट, एक वचन पाठ आणि शेवटी प्रार्थना. प्रार्थना मुलंच करायची, ज्याला जे वाटेल ते देवाला मोठ्यानं सांगायचं. ताप, परीक्षा, हरवलेली शेळी, असलं सगळं त्यात यायचं. मला तो तास लई आवडायचा, कारण तिथं मला सगळं ठाऊक असायचं.

एका रविवारी मिशनच्या मिससाहेबांनी मला थांबवून घेतलं. त्या अमेरिकन. उभं आयुष्य त्यांनी मराठवाड्यात काढलं होतं, सायकलवर खेडी फिरल्या होत्या. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, फक्त त्यांच्या तोंडी पाव ‘आली’ आणि चहा ‘झाली’. त्यांनी माझ्या हातात एक जाड पुडकं दिलं. त्यांच्या देशातल्या मंडळीनं, म्हणजे तिकडच्या चर्चच्या लोकांनी, मुलांसाठी पाठवलेले नवे पाठ होते. सोबत कापडावर चिकटणारी रंगीत चित्रं होती. फळ्यावर फ्लॅनेलचं कापड ताणायचं आणि चित्र त्यावर नुसतं दाबलं की ते चिकटून बसायचं. मोशे, नोहा असल्या चित्रांवर आमची मुलं वाढलेली होती. ही चित्रं मात्र वेगळी होती. एक पांढरं घर, खिडकीत दिवा. एक लाल घर, दाराला कुलूप. पृथ्वीचा गोळा, अर्धा उजळ आणि अर्धा काळा. लाल घराच्या खिडकीशी एक मूल. आणि शेवटच्या पाठासाठी एक मोठा लाल हात, दिवा विझवणारा.

मिससाहेब म्हणाल्या की महायुद्ध संपल्यापासून जग दोन भागांत वाटलं गेलंय. एकीकडं देवाला मानणारे देश, दुसरीकडं देव नाही असं मुलांना शाळेत शिकवणारे देश. आपल्या मुलांना हे कळायला हवं, म्हणजे ती तिकडच्या मुलांसाठी प्रार्थना करतील. त्या हे मनापासून सांगत होत्या. मी हो म्हणाले. पाठ इंग्रजीत होते, मराठी मी करायचं ठरलं.

अडचण पहिल्याच पानावर आली. लोखंडी पडदा असा शब्द होता. मी पाळकसाहेबांना जाऊन विचारलं. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयस्कर, शांत. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की वर्तमानपत्रातही असंच छापतात, तेच ठेवा. मी ठेवलं. शीतयुद्धाला मी थंड लढाई केलं, कारण मुलांना शीत म्हणजे भाताचं शीत वाटलं असतं. मोकळं जग असा एक शब्द होता, त्याचं काही केल्या जमेना. मोकळं म्हटलं की आमच्याकडं ओसाड, रिकामं असंच डोळ्यासमोर येतं. शेवटी मी ‘आपल्यासारखं जग’ असं लिहिलं. लिहिल्यावर लक्षात आलं की आपला देश दोन्हीकडं नाही, असं तर दिल्लीचं सरकार रोज सांगतं. मग ‘आपल्यासारखं’ म्हणजे कुणासारखं? मी ते तसंच राहू दिलं.

पहिल्या रविवारी मुलांनी चित्रं बघून माना पुढं काढल्या. मी पांढरं घर लावलं, लाल घर लावलं, दोन्हींच्या मधे लोखंडी पडदा आहे म्हणून सांगितलं. एका मुलानं विचारलं, तो गुलमंडीतल्या दुकानांना असतो तसा गुंडाळून वर जाणारा आहे का? मी म्हणाले, तसा खरोखरचा नाही. मग त्याला लोखंडी का म्हणायचं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याला थंड लढाईचं कोडं पडलं. थंडीत लढतात का, की लढतच नाहीत? मी सांगितलं, लढत नाहीत, पण एकमेकांवर रागावलेले असतात आणि दोघांकडं मोठाले बॉम्ब आहेत. मुलांना हे लगेच पटलं. भाऊबंदकीत असंच असतं, त्यांच्या प्रत्येकाच्या घरात त्याचा एकेक दाखला होता.

मग मी लाल घराच्या खिडकीतलं मूल लावलं आणि सांगितलं, ह्याला प्रार्थना करायची मनाई आहे. एकीनं डोळे पुसले. तेव्हा पहिल्या बाकावरून माझ्या भाचीनं हात वर केला.

ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी, नऊ-दहा वर्षांची. घरी मला आत्या म्हणायची, शब्बाथ शाळेत बाई. हा भेद तिनं स्वतःच ठरवलेला होता आणि कधी मोडला नाही. ती म्हणाली, “बाई, आमच्या घरी रशियाचं पुस्तक आहे. त्यातली आजी जेवायच्या आधी देवाचं नाव घेते. तिला कुणी काही बोलत नाही.”

मी म्हणाले, ते जुन्या काळातलं असेल. ती म्हणाली, असेल. आणि खाली बसली. पण माझ्या मनात ते राहिलंच.

भावाचं सांगायला हवं. तो माझ्याहून पुष्कळ मोठा. पोलीस ॲक्शनच्या सुमारास हैदराबादला शिकायला होता, आणि परत आला तो लाल झेंडा घेऊनच. शिक्षण अर्धवट टाकून त्यानं गिरणी कामगारांची युनियन बांधली. चर्चला येणं बंद केलं. वहिनी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि पक्की भाविक. दोघांत एवढंच ठरलं होतं की मुलगी रविवारी चर्चला जाईल आणि आठवडाभर बापाची पुस्तकं वाचेल. ती रशियात छापलेली मराठी पुस्तकं तेव्हा अगदी स्वस्तात मिळायची. जाड, गुळगुळीत कागद, सुंदर चित्रं, आणि पान उघडलं की शाईचा एक वेगळाच वास. मुलाबाळांच्या घरात ती पुस्तकं हवीहवीशी वाटत, झेंडा असो की नसो.

भावाला पाठांचं कळलं तेव्हा तो रागावला नाही, हसला. मला म्हणाला की आपल्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तो ख्रिस्ती झाला कारण तिथं त्याला माणूस म्हणून कुणी शेजारी बसवलं. बरोबर आहे ना? मी म्हणाले, बरोबर. मग तो म्हणाला, रशियात सगळ्याच आज्यांना शेजारी बसवलंय, एवढाच फरक, तर ह्यात देवाला राग यायचं कारण काय? उत्तर मला घरी येताना वाटेत सुचलं, की शेजारी बसवलंय तर मग चर्चला कुलूप कशाला. पण पुढच्या भेटीत तो म्हणाला, कुलूप तू पाहिलंस का? आणि मी पाहिलेलं नव्हतं. मिससाहेबांनीही पाहिलेलं नव्हतं. भावानं तरी तिथला समानतेचा पाट कुठं पाहिला होता? आमच्यातलं कुणीच रशियाच्या आसपासही गेलेलं नव्हतं, आणि सगळे रशियाबद्दल अगदी खात्रीनं बोलत होते. मी मात्र जो शेवटचा बोलला त्याची होऊन जायचे.

शाळेत दुपारी मुलांना अमेरिकेहून आलेल्या पावडरीचं दूध मिळायचं. मोठ्या पातेल्यात कालवलेलं, वरून जरासा फेस, आणि वास असा की पुष्कळ मुलं नाक धरून प्यायची. एकदा दूध वाढताना माझ्या वर्गातल्या एका मुसलमान मुलीनं सहज विचारलं की अमेरिकेला आपण कशाला आवडतो. मी म्हणाले, त्यांच्याकडं दूध जास्त आहे. ती म्हणाली, जास्त आहे म्हणून फुकट द्यावं लागतं का, आमच्या म्हशीचं जास्त झालं तर आम्ही विकतो. मी तिच्या पेल्यात आणखी थोडं दूध ओतलं आणि पुढं सरकले.

असे दोन-तीन पाठ झाले आणि पावसाळा संपता संपता एकाएकी सगळंच अंगावर आलं. गुलमंडीच्या हॉटेलातल्या रेडिओभोवती माणसं उभी राहायला लागली. अमेरिकेच्या दाराशी एका बेटावर रशियानं बॉम्बचे बाण आणून ठेवलेत, अमेरिकेची जहाजं आडवी उभी आहेत, आता महायुद्ध पेटणार, असं सगळे म्हणत होते. आणि त्याच आठवड्यात चीननं आपल्या सीमेवर हल्ला केला. दोन्ही बातम्या एकाच रेडिओतून एकामागून एक यायच्या आणि लोक त्या एकमेकींत मिसळून टाकायचे. एकानं मला शहागंजात सांगितलं की चीनची जहाजं अमेरिकेकडं निघालीत. मी मान डोलावली. मला तरी काय ठाऊक होतं?

त्या रविवारी शब्बाथ शाळेत मुलं बोलायला भलतीच उतावीळ होऊन आली होती. बॉम्ब पडला तर कुठं लपायचं, हे त्यांनी येतानाच ठरवलं होतं. वेरूळच्या लेण्यांत. डोंगराच्या आत आहेत, वरून काही लागणार नाही. पण एका मुलाला शंका होती. लेण्यांत हिंदूंचे देव आहेत, बुद्ध आहेत, आपण ख्रिस्ती, आपल्याला आत घेतील का? दुसरा म्हणाला, घेतील, आमची सहल गेली होती तेव्हा घेतलं होतं. सगळ्यांचं समाधान झालं. मग एकीनं मला विचारलं की ह्या लढाईत येशू कुणाकडून आहे. मी म्हणाले, येशूनं शत्रूवरही प्रेम करायला सांगितलंय. ती म्हणाली, ते माहीतय बाई, पण कुणाकडून आहे?

मी त्यांना गाणं म्हणायला लावलं.

बेटाची गोष्ट थोड्याच दिवसांत निवळली, जहाजं मागं वळली. मिससाहेबांनी उपासनेत उभं राहून देवाचे आभार मानले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज गेला. सीमेवरची लढाई मात्र चालूच राहिली. बायका सैनिकांसाठी लोकरीचे मोजे विणायला लागल्या, आमच्या मंडळीतल्याही. ज्यांना विणता येत नव्हतं त्या लोकर गुंडाळून द्यायच्या. पाळकसाहेब दर रविवारी देशासाठी खास प्रार्थना घ्यायचे. मी भावाला विचारलं, तुझा चीन असा कसा वागला? तो म्हणाला, माझा चीन नाही. मग म्हणाला, चीनही कामगारांचाच देश आहे, काहीतरी गैरसमज असेल. मग म्हणाला, मला विचारू नकोस.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी दोन पोलीस त्याच्या घरी आले. मी तेव्हा तिथंच होते, वहिनीच्या ड्युटीमुळं भाचीची वेणी घालायला गेले होते. पोलीस उर्मटपणे वागले नाहीत. देशभर असल्या लोकांना धरायचा हुकूम आलाय, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यातला एक मराठी, एक मुसलमान, दोघंही भावाला ओळखणारे. भावानं विचारलं, चहा घेऊन निघू का? ते म्हणाले, घ्या. मी चहा ठेवला आणि तिघांना दिला. निघताना भाऊ मुलीजवळ वाकला आणि अभ्यास कर म्हणाला. मग मला म्हणाला, “तिला तुझं जे शिकवायचं ते शिकव. तिचा बाप देवाचा वैरी आहे, एवढं मात्र शिकवू नको.”

मी म्हणाले, मी असं कधी शिकवलं? तो म्हणाला, तुझ्या फळ्यावर लाल घर कुणाचंय?

भाची माझ्याकडं राहायला आली, कारण वहिनीला रात्रपाळ्या असायच्या. ती रडली नाही. फक्त शाळेत जाताना माझा हात धरायला लागली. आधी ती कधी धरत नसे.

पुढचा रविवार शेवटच्या पाठाचा होता, लाल हाताचा. मी पुडकं घेऊन गेले खरी. फळ्यावर फ्लॅनेल ताणलं, पांढरं घर लावलं, लाल घर लावलं, पृथ्वीचा गोळा लावला. हात पुडक्यातच होता. पहिल्या बाकावर भाची हात जुळवून नीट बसली होती, माझ्याकडं बघत. बातमी सगळ्या मुलांना होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, मुद्दाम हळू न बोलता, की हिचे पप्पा चीनकडून आहेत. भाचीनं मागं वळून पाहिलं नाही.

मला तो हात फळ्यावर लावता येईना. मी काही ठरवून थांबले असं नाही. पाठ चुकीचा आहे असं माझं मत झालं होतं म्हणावं, तर तसंही नाही. तिकडं खरंच कुणाच्या चर्चला कुलूप असेल, कुणी मूल खरंच गुपचूप प्रार्थना करत असेल, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण चित्र हातात घेतलं की ते मला मोठ्या रेघांनी काढलेल्या माझ्या भावाच्या हातासारखं दिसायचं, आणि त्याच हातानं परवा माझ्याकडून चहाची कपबशी घेतली होती. मी तशीच उभी राहिले. मुलं वाट बघत होती.

तेव्हा भाची उठली. म्हणाली, “बाई, पप्पांसाठी प्रार्थना करायची तर कुठल्या बाजूनं करायची?”

मी तिला सांगितलं की मला माहीत नाही. शब्बाथ शाळेत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन. मग म्हणाले, तू आपली कर, बाजू देव बघून घेईल. तिला ते पुरेसं वाटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तोवर मागच्या बाकावरचा तोच मुलगा डोळे मिटून सुरू झाला होता. आपण काहीतरी वाईट बोललो हे त्याला कळलं असावं, किंवा त्याला नुसती आधी प्रार्थना करायची हौस असावी. तो म्हणाला, हे प्रभू, रशियातल्या मुलांना प्रार्थना करू दे. हिच्या पप्पांना तुरुंगात मारू देऊ नको. आपल्या सैनिकांच्या पायांना थंडी वाजू देऊ नको. मग थोडा थांबला, आणि म्हणाला, चीनच्याही वाजू देऊ नको, त्यांच्या आया पण मोजे विणत असतील. आमेन. सगळ्या मुलांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. भाचीनंही.

मी डोळे उघडले तेव्हा दारात मिससाहेब उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागं मंडळीतले दोन वडीलधारे.

वडीलधाऱ्यांनी तिथं काही म्हटलं नाही. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. लढाई चालू असताना आपल्या मुलांनी चीनच्या सैनिकांसाठी प्रार्थना केली, हे बाहेर कळलं तर काय होईल, असं त्या दोघांचं म्हणणं होतं. आधीच लोक आपल्याला परक्यांचे समजतात. पाळकसाहेबांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं, आपलं काही घातलं नाही. मी विचारलं, प्रार्थना चुकीची होती का? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, चुकीची कशी म्हणू, तसंच तर आपण शिकवतो. मग म्हणाले, पण सध्या काही दिवस मुलांना मोठ्यानं प्रार्थना करायला लावू नका, तुम्हीच सांगा आणि त्यांना मागून म्हणू द्या. मी बरं म्हणाले. ते चुकत होते की त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं, हे मला ठरवता आलं नाही. गावात खरंच त्या दिवसांत कुणाचं काय ऐकून कोण भडकेल, सांगता येत नव्हतं.

मिससाहेब बाहेर कडुलिंबाखाली सायकल धरून माझी वाट बघत होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी विचारलं, हाताचं चित्र का लावलं नाही? मी सांगितलं, मुलीचा बाप, माझा भाऊ, त्याला धरून नेलंय. त्यांना ते माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, “माझ्या भावाचा मुलगा त्या जहाजांवर होती. बेटाजवळ. मी त्याची आत्या आहे.”

लिंगाची चूक झाली होती आणि मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या म्हणाल्या की त्या दिवसांत त्या फक्त त्याच्यासाठी प्रार्थना करत होत्या. समोरच्या जहाजांवरच्या मुलांची आठवण त्यांना एकदाही झाली नाही, आणि आज ह्या पोरानं मोज्यांचं म्हटलं तेव्हा झाली. मी विचारलं, मग पाठ खोटे आहेत का? त्या लगेच म्हणाल्या, नाही, खरे आहेत, माझ्या ओळखीची माणसं तिकडून पळून आलीत. आणि तरीही त्यांनी माझ्या हातातून पुडकं घेतलं, सायकलच्या टोपलीत ठेवलं आणि म्हणाल्या की आता नाताळ जवळ आलाय, मेंढपाळांची तयारी सुरू करा. त्या गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. पाठ खरे असतील तर त्यांनी ते परत का नेले, हे त्यांना विचारायला हवं होतं. नंतर कधी जमलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होऊन आपल्या देशी गेल्या.

भाऊ बऱ्याच महिन्यांनी सुटला. बारीक झाला होता, केस पिकले होते. दवाखान्यातून वहिनी, शाळेतून भाची, सगळी माझ्याच घरी जमली. मी भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली होती. तुरुंगात काय झालं हे त्यानं फारसं सांगितलं नाही. मारलं नव्हतं, एवढं मुलीनं विचारल्यावर सांगितलं. ती म्हणाली, आम्ही तसं मागितलं होतं. त्याला कळलं नाही, आणि तिनंही खुलासा केला नाही.

मला वाटलं होतं, आता तो पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागेल, आणि मी पुन्हा मधल्या वाटेवर उत्तरं शोधीन. तसं झालं नाही. त्याच्या पक्षातच तट पडायला लागले होते. कुणी म्हणे रशियाचं खरं, कुणी म्हणे चीनचं, आणि ज्यांच्याबरोबर तो एका कोठडीत राहिला होता ती माणसं आता एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. शेवटी पक्ष फुटलाच. त्या सुमारास एका दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. मी लसूण सोलत होते. त्यानंही एक गड्डी उचलली आणि सोलायला लागला. दोन्हीकडचे लोक घरी येऊन गेल्याचं त्यानं सांगितलं. दोघांचंही त्याला पटत होतं. दोघांपैकी जो शेवटचा येऊन जाई त्याचं जास्त.

मला हसू आलं. मी म्हणाले, हे माझं वर्षानुवर्षांचं आहे.

तो हसला नाही. म्हणाला, “तुला चालतं. तुझ्याकडं देव आहे, तू त्याच्यावर टाकून मोकळी होतेस. मी कुणावर टाकू?”

मी मोकळी होत नव्हते, हे मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. भाचीनं विचारलेला प्रश्न सांगितला, मुलाची प्रार्थना सांगितली, मिससाहेबांनी पुडकं परत नेल्याचं सांगितलं. हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकत होता. मोज्यांचं ऐकल्यावर त्यानं लसूण खाली ठेवला. कुणाचा मुलगा तो, म्हणून विचारलं. मी सांगितलं, दवाखान्याच्या ड्रायव्हरचा. तो म्हणाला, ड्रायव्हर आमच्या युनियनमध्ये यायला तयार नव्हता. मग लसूण उचलून पुन्हा सोलायला लागला.

तो दोन्ही पक्षांत गेला नाही. युनियनचं काम करत राहिला, दोन्हीकडचे त्याला टाळत, आणि गिरणीच्या फाटकावर तो एकटाच पत्रकं वाटताना दिसायचा. चर्चलाही आला नाही. एक गोष्ट मात्र बदलली. रविवारी मुलीला घ्यायला तो स्वतः यायचा, आणि तास संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली उभा राहायचा. पाळकसाहेबांनी मुलांच्या प्रार्थनेवरची बंदी लढाई संपल्यावर कधीच उठवली होती. खिडक्या उघड्या असायच्या, मुलांचा आवाज त्याला ऐकू जायचा. एकदा मी विचारलं, आत येऊन बस की. तो म्हणाला, नको, आत आलो की मला कुठल्यातरी बाकावर बसावं लागेल.

मी पुढं पुष्कळ वर्षं शिकवलं. दोन देशांबद्दल मुलं अधूनमधून विचारायची आणि मी त्यांना ठाऊक होतं तेवढं सांगायचे, अमुक लोक असं म्हणतात आणि तमुक तसं. मुलांना असलं उत्तर आवडत नाही. त्यांना बाईनं एक काय ते सांगावं असं वाटतं. भाची तर मोठी होऊन स्वतः दोन मुलांची आई झाल्यावरही एकदा मला म्हणाली, “आत्या, पप्पांसाठी कुठल्या बाजूनं प्रार्थना करायची विचारलं, त्या दिवशी तू मला काहीतरी सांगायला हवं होतंस. खोटं का होईना. मी त्या रात्री रात्रभर विचार करत बसले होते.”

मी तिला म्हणाले, मीही.